बटाट्याला रात लागती

फेब्रुवारीच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टोपलीत सहा बटाट्यांना कोंब फुटले. टाकवेनात, म्हणून मी परसात शेवग्याच्या पलीकडे वाफा खणून ते लावले. आमचं घर खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, गावाच्या कडेला. तेव्हा आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि या मातीत काहीही पुरलं तरी उगवेल अशी माझी खात्री होती. बटाटे उगवलेसुद्धा. एप्रिल उजाडेपर्यंत पाला गुडघ्याला लागला, काळपट हिरवा, दाट. येईल त्याला मी तो वाफा दाखवत होते. मे महिन्यात पाला पिवळा पडला तेव्हा मुलाला हाताशी घेऊन खणायला बसले. सहाही झाडांखाली मिळून जे निघालं ते एका आमटीच्या वाटीत मावलं. काही वाटाण्याएवढे, दोन-चार बोराएवढे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. खड्ड्यात हात घालून तो बराच वेळ चाचपत राहिला. खाली अजून असतील, असं त्याला वाटत होतं.

आत्या त्या सुमारास आमच्याकडे आली होती. ती आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर दिलेली. तिथली पावसाळी बटाट्याची शेती सगळ्या पुणे जिल्ह्याला माहीत आहे. आत्यानं पन्नासएक वर्षं तेच केलं. तिनं ती वाटी मांडीवर घेतली, एक बोराएवढा बटाटा अंगठ्यानं चोळून पाहिला आणि म्हणाली, "आगं बाय, तू त्याला ऊन घातलंस. बटाट्याला रात लागती."

ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. कळायला दोन हिवाळे गेले.

बटाटा म्हणजे मूळ नव्हे, खोड. जमिनीखाली आडवी धावणारी पांढरी दोरी असते, तिचं टोक फुगतं तो बटाटा. त्याचे डोळे म्हणजे खोडावरची पेरं. हे टोक फुगायला लागावं यासाठी झाडाला इशारा हवा असतो, आणि तो इशारा दिवसातून येत नाही, रात्रीतून येतो. रात्र लांब हवी आणि गार हवी. पारा वीस अंशांच्या खाली उतरला पाहिजे. सतरा-अठरा असेल तर उत्तम. पानांनी दिवसभर जी साखर तयार केली ती अशा रात्री खाली उतरते आणि पिठूळ होऊन साठते. रात्र उकाड्याची असली की झाड ती साखर आपल्याच श्वासात जाळतं, उरलेली पाला वाढवण्यात घालवतं. माझा तो काळपट हिरवा पाला, ज्याचं मला एवढं कौतुक होतं, तो या उधळपट्टीचा पाला होता. जमीन तीसच्या वर तापली की पोसणं थांबतंच, कितीही शेणखत घाला.

मग मी एक साधा तापमापक आणून मागच्या ओसरीच्या खांबाला, उन्हापासून आडोशाला टांगला. पहाटे साडेपाचला उठून आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचा. पहिल्या वर्षी घटस्थापनेला एकवीस होता. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सतरा. मार्गशीर्षात एकदा अकरा. तिथीच्या खाली, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी ते आकडे पाहताना मला पहिल्यांदा आमच्या परसाला स्वतःचं वर्ष आहे असं जाणवलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी: बटाट्याच्या जोग्या रात्री आमच्याकडे तेवढ्याच. बरोबर तेवढ्यात बसवायचं, ऐंशी-नव्वद दिवसांत.

पठाराची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जूनमध्ये लागण होते. पाऊस आणि ढग पठाराला ऐन पावसाळ्यात गार ठेवतात, म्हणून तिथे खरीप बटाटा साधतो. आमच्या खालच्या अंगाला तो नाद नको, असं आत्याचं स्पष्ट मत. आम्ही रब्बीचे.

या झाडाचं माहेर शोधायला गेले तेव्हा मला सगळ्यात नवल एका गोष्टीचं वाटलं. माझ्या डोक्यात बटाटा म्हणजे थंड देशाचं पीक. आयर्लंड, जर्मनी, रशिया. पण त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या भोवती. ते सरोवर विषुववृत्तापासून सोळा अंशांवर आहे. आपलं राजगुरुनगर जवळजवळ एकोणीस. म्हणजे बटाटा आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळचा! फरक उंचीचा. टिटिकाका समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर, आमचं परस 600 च्या आसपास. दिवस-रात्रीची लांबी त्याच्या ओळखीची, फक्त गारवा नाही. युरोपात नेल्यावर उलट झालं. तिथे गारवा होता, पण उन्हाळ्याचे दिवस इतके लांब की सुरुवातीचे बटाटे शरद ऋतूपर्यंत पोसायचेच नाहीत. लांब दिवसात पोसणारे वाण निवडायला तिथल्या लोकांच्या कित्येक पिढ्या गेल्या. आपल्याकडे आले ते बहुतेक युरोपात वळण लागलेले बटाटे. त्यांना परत लहान दिवसांची सवय लावावी लागली. एवढा फेरा घालून हे झाड माझ्या शेवग्यापाशी आलं आहे, हे कळल्यावर मी त्या वाफ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

नावही तसंच फिरून आलेलं. उत्तरेत आलू, आपल्याकडे बटाटा, कारण पश्चिम किनाऱ्यावर हा पोर्तुगीजांच्या तोंडून आला. त्यांच्याकडे तो शब्द स्पॅनिश लोकांमार्फत कॅरिबियन बेटांवरून आला, आणि तिथे तो रताळ्याचा होता. आत्याच्या तोंडी 'बटाटा' हा शब्द जितका मातीतला वाटतो तितका दुसऱ्या कुणाच्या तोंडी वाटत नाही, आणि तरी तो इतक्या लांबचा.

दुसऱ्या वर्षी मी बेणं विकत घेतलं. स्वयंपाकघरातला बटाटा लावू नको, असं आत्यानं बजावलं होतं. मंचरच्या बाजारात पंजाबातून, जालंधरकडून बेण्याच्या गोण्या येतात. आतेभावाच्या गोणीतून मी पुखराज नावाच्या वाणाचं तीन किलो बेणं घेतलं. पण एवढ्या लांबून बेणं का आणायचं, आपल्याच शेतातला बटाटा का राखायचा नाही, हा प्रश्न मला सोडवेना. एरवी आत्याकडे भोपळ्यापासून वालापर्यंत प्रत्येकाचं बी मडक्यात असायचं.

उत्तर एका बारक्या किड्यात आहे. मावा. पानातला रस शोषताना तो एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडात सोडतो. गव्हाच्या बियात सहसा असले रोग उतरत नाहीत, पण बटाट्याचं बेणं म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. आजारासकट पुढच्या वर्षात जातो. दोन-तीन पिढ्यांत पानं वळतात, झाड खुजं होतं, बटाटे गोट्यांएवढे निघतात. जुने शेतकरी म्हणायचे, बेणं थकलं. म्हणून एकेकाळी चांगलं बेणं थंड डोंगरातूनच आणावं लागे, कारण तिथे मावा कमी. बटाट्याचे संशोधक डॉ. पुष्करनाथ यांनी यावर तोड काढली. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मावा जवळजवळ नसतो. तेवढ्या मुदतीत बेण्याचं पीक वाढवायचं, आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा. बटाटे लहान राहिले तरी चालतील, निरोगी हवेत. एवढ्या साध्या वाटणाऱ्या युक्तीनं पंजाबाचं मैदान देशाचं बेणं पिकवायला लागलं. माझ्या हातातला तो मातकट पुखराज त्या युक्तीचं फळ होता. मला हा माणूस फार मोठा वाटतो आणि त्याचं नाव आपल्याकडे किती थोड्यांना माहीत असेल, याची रुखरुख वाटते.

पुखराजचं पूर्ण नाव कुफरी पुखराज. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंधुरी, सगळ्यांच्या आधी हे नाव का? केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. सिमल्याजवळच्या कुफरीला संकर करत, कारण मैदानातल्या लहान दिवसांत बटाटा नीट फुलत नाही. फुलल्याशिवाय संकर कसा करणार? डोंगरातल्या लांब उन्हाळी दिवसांत फुलं यायची, तिथे एका जातीचा पराग दुसरीवर घालायचा. माझ्या परसात पाच वर्षांत बटाट्याचं फूल मी पाहिलेलं नाही. कळ्या येतात आणि गळून पडतात.

या नावांमध्ये एक नाव वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कुफरी लवकर. 1972 साली दख्खनच्या पठारासाठी दिलेला, लवकर पोसणारा वाण, आणि नाव चक्क आपल्या मराठीतलं. 2006 मध्ये कुफरी सूर्या आला, तो रात्री थोड्या उबदार असल्या तरी पोसतो. आपल्या हवेसाठी असं कुणीतरी बसून वर्षानुवर्षं काम केलं, हे त्या नावांत दिसतं.

लागणीचा दिवस माझ्या फार आवडीचा. अंड्याएवढं बेणं अख्खं लावायचं, मोठं असलं तर कापायचं, प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे हवेत. विळी प्रत्येक बटाट्यानंतर पुसून घ्यायची, एखादा आतून तपकिरी निघाला तर तो बाजूला आणि विळी धुऊन मगच पुढचा. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख लावून एक दिवस सावलीत ठेवायचं, खपली धरते. जमीन वाफशावर हवी. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला तर फुटावा, इतकीच ओल. दोन सऱ्यांत दोन वीत, दोन फोडींत एक वीत. आमची माती काळी, चिकट. ती पावसानंतर अशी बसते की बटाट्याला अंग पसरायला जागा मिळत नाही. तीन वर्षं मी तिच्यात ओढ्याकडचा पोयटा आणि कुजलेला पालापाचोळा मिसळते आहे. आता कुठे ती खुरप्याला हसून उत्तर देते.

महिन्याभरानं मातीची भर द्यायची. हे चुकवायचं नाही. नवे बटाटे बेण्याच्या वरच्या बाजूला धरतात. भर नसेल तर ते उघडे पडतात, उजेड लागून हिरवे होतात. हिरवा बटाटा कडू आणि विषारी, तो खायचा नाही, लेकरांना तर नाहीच. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी मी खोडाभोवती माती ओढते तेव्हा थंडीत झोपलेल्याच्या अंगावर गोधडी सारखी करतो तशी ती हालचाल होते. आत्यानं एकदा ओसरीवरून पाहिलं आणि म्हणाली, "गळ्यापातुर घे. नुसतं पायावर घालू नगं."

तिसरं वर्ष वाईट गेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हवा फिरली. चार दिवस ढग, मधूनच भुरभुर, पहाटे इतकं धुकं की शेवगा दिसेना. पारा चौदा-पंधरावर स्थिर. मला बरं वाटत होतं, रात्री गार आहेत म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी पानांच्या कडांना ओले, तेलकट डाग दिसले, उकळतं पाणी सांडल्यासारखे. पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेनं पांढरी बारीक लव. मी ते पान नाकाजवळ नेलं. कुजक्या पाल्याचा असा वास होता की हात धुतल्यावरही बोटांना राहिला. उशिराचा करपा. दुपारपर्यंत शेजारच्या झाडावर, दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाफ्यावर.

याच करप्यानं 1845 पासून आयर्लंड उजाड केलं. गोरगरिबांच्या शेतात बहुतेक लंपर हा एकच वाण, म्हणजे एकाच झाडाचे लाखो तुकडे; एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारणार. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. धान्य मात्र त्या काळातही बोटींत भरून बाहेर जात होतं. पुस्तकात हे मी आधीही वाचलं होतं. पण तो वास बोटांना असताना ते पुन्हा आठवलं तेव्हा मी वाफ्याच्या कडेला बसून राहिले. माझं एक वाफाभर पीक, संध्याकाळच्या भाजीचा प्रश्न. त्यांच्या घरात दुसरं काही शिजायचंच नाही.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "रडत बसू नगं. पाला काप आत्ताच्या आत्ता. खालचं वाचंल." रोग पानांवरून पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरतो, बटाट्यापर्यंत पोचायच्या आत वरचं तोडायचं. मी विळ्यानं सगळा पाला जमिनीलगत कापला, पोत्यात भरून घरापासून लांब नेऊन जाळला, आणि वाफ्यावर आणखी चार बोटं माती ओढली. हिरवा वाफा तासाभरात बोडका झाला. दोन आठवडे जमिनीला हात लावला नाही, साल पक्की व्हावी म्हणून. मग काढले. सव्वासात किलो. लहान, पण घट्ट. तीन फक्त आतून गंजल्यासारखे निघाले. त्या रात्री त्यातल्या चार बटाट्यांची मी पिवळी भाजी केली, हिंग-मोहरी-कढीपत्ता, बाकी काही नाही. मुलानं तीन वेळा घेतली.

त्या वर्षीच्या बटाट्यांतूनच मी बेणं राखायचं ठरवलं नाही, करप्याचं बेणं राखायचं नसतं. पण हट्ट मनात बसला. विकतचं बेणं उत्तम, ते मला मान्य आहे. शेतकऱ्यानं तेच घ्यावं. मला मात्र एकदा तरी फेब्रुवारीतला आपला बटाटा ऑक्टोबरात आपल्याच मातीत घालायचा होता. या हवेत सगळ्यात अवघड काम तेच आहे. काढल्यानंतर दोन-तीन महिने बटाटा झोपलेला असतो, तोवर चिंता नाही. तो जागा होतो तो नेमका मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, आणि लागणीला अजून पाच महिने असतात. शीतगृहात त्याला दोन ते चार अंशांवर झोपवून ठेवतात. घरात काय करायचं?

आत्याच्या लहानपणी त्यांच्याकडे आरण लावायचे. शेताच्या कडेला आंब्याखाली उथळ खड्डा, तळाला पाणी शिंपडून गार केलेली जमीन, त्यावर बटाट्याची रास आणि वर वाळलेल्या गवताची जाड शाकारणी. त्यात थरांमध्ये कडुनिंब आणि घाणेरीचा पाला घालायचे, पाकोळी येऊ नये म्हणून. ही पाकोळी, बटाट्यावरचा राखी रंगाचा बारका पतंग, 1906 साली इटलीहून मुंबईत उतरलेल्या बेण्याबरोबर आपल्याकडे आली. डोळ्यापाशी अंडं घालते, अळी आत पोखरत जाते, बाहेर नुसता काळा भुगा दिसतो. आरणीत बटाटा दोन-तीन महिने टिके. आठ नाही.

पहिला माझा प्रयत्न पलंगाखालच्या अंधारात झाला. जुलैत पाहिलं तर हातभर लांब, पांढरे, आंधळे कोंब एकमेकांत गुंतलेले, आणि बटाटे सुरकुतून गेलेले. अंधार हीच चूक होती. पेरूतल्या लिमा शहरात 1971 पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. छोट्या शेतकऱ्यांसाठी तिथल्या लोकांनी एक रीत जगभर पोचवली: बेणं उजेडात ठेवा. ऊन नको, आडोशाचा उजेड. त्यात कोंब वाढत नाहीत, आखूड आणि जाड राहतात. बटाटा हिरवा होतो, पण बेण्याला हिरवेपणा चालतो.

गेल्या फेब्रुवारीत मी निरोगी झाडांखालचे अंड्याएवढे चाळीस बटाटे निवडले. उत्तरेच्या ओसरीत दोन दुरड्यांत, एकाला एक न लागता, एका थरात मांडले. खाली घाणेरीचा पाला, वरून आईची जुनी वॉयलची साडी ताणून बांधली, उजेड यावा आणि पाकोळी येऊ नये म्हणून. त्याच दिवसांत गच्चीवर बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या चिकोड्या वाळत होत्या. अँडीजमधले लोक बटाट्याचं वाळवण थंडीवर करतात. रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा गोठवायचे. असा चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. त्यांचं वाळवण रात्र करते, आपलं दिवस करतो. गच्चीवर दिवसाचं काम चाललं होतं आणि खाली ओसरीत मी रात्रीसाठी काहीतरी राखत होते.

दर रविवारी एकेक बटाटा उचलून बघायचा. एप्रिलमध्ये चार मऊ पडले. मे महिन्यात दुरड्यांखालच्या फरशीवर रोज दुपारी पाणी मारत होते, तरी पाच सुकून चिंचोक्यासारखे झाले. पावसाळ्यात दोन सडले, तीन पाकोळीनं पोखरले, साडीला कुठेतरी भोक असणार. दसऱ्याला मोजले तेव्हा सव्वीस उरले होते. सुरकुतलेले, शेवाळी रंगाचे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून जांभळे, केसाळ, बोटाच्या पेराएवढे कोंब. नख लावलं तरी तुटेनात इतके घट्ट.

दिवाळीनंतर लावले. सव्वीसांतले चोवीस उगवले. पाचांची पानं वळायला लागली, ती मी लगेच मुळासकट उपटली, विषाणू असणार. उपटताना जीव तुटला, पण ठेवून चालत नाही. एकोणीस झाडं आहेत. आत्याचं आता शेतात जाणं होत नाही, गुडघे धरलेत. ती पहाटे उठतेच, आणि साडेपाच-पावणेसहाला तिचा फोन येतो.

"किती गं?"

"साडेबारा, आत्या."

"पठारावं धा असंल. पाला कसाय?"

"खालची पानं पिवळी पडायला लागलीत."

"मंग पानी तोड आता. आन् कडंचं एक झाड बगून घे, हातानं. खुरपं लावू नगं."

मी बॅटरी घेऊन परसात गेले. शेवग्याकडच्या कडेचं झाड. मातीत हात घातला तेव्हा वरची चार बोटं माती बर्फासारखी गार होती, त्याखाली थोडी ऊब. बोटांना आधी दोरी लागली, मग एक गोल, गुळगुळीत बाजू. मुठीत मावेना. मी तो काढला नाही. माती सारखी केली, आत येऊन कालनिर्णयात 12.5 लिहिलं आणि आत्याला परत फोन लावला.